बबनकाकांनी खोडलेली ओळ

बबनकाकांकडे कुणी जुनी नोट घेऊन आलं की ते आधी साबणाने हात धुवायचे आणि मग वाऱ्यावर सुकवत बसायचे. टॉवेल नाही. समोरच्याचा जीव टांगणीला, आणि हे पंजे पसरून निवांत! "हाताला पानी असलं की कागद खोटं सांगतो गं," म्हणायचे. उभी हयात खोपोलीत कागद गिरणीत गेली. निवृत्तीनंतर शिळफाट्यावर पुतण्याच्या पंक्चरच्या दुकानात बसून फुकटात नोटा पारखायचे. विकत एकही घेतली नाही. "पारखनारा आनि घेनारा येकच, म्हंजी चोर."

माझं त्यांच्याशी सतत वाजायचं. तेव्हा राजरोस दरोडा चालला होता: जुन्या नोटेचे लाखो देतो म्हणून फोन करायचा, आधी 'फाइल फी' उकळायची आणि गायब व्हायचं. आम्ही काही कार्यकर्त्या गावोगाव सावधगिरीची पत्रकं वाटत होतो. मी ठळक छापलं होतं, 'जुन्या नोटेची किंमत छापलेली तेवढीच!' लोकांना एक ओळ लागते, दोन नव्हे.

कोंडाणे लेण्यांजवळच्या वाडीतल्या जनाताई दहाच्या एका जुन्या नोटेपायी, दोन हजारांच्या फीसाठी पैंजण मोडायला निघाल्या होत्या. पत्रक दाखवलं, ऐकेनात. म्हणून त्यांना काकांकडे आणलं. हळूच म्हटलं, "काका, फक्त दहाची दहाच म्हणा."

हात सुकले. काकांनी डोळे मिटून नोट कानाशी धरून चोळली, मग दुमडलेला कोपरा उलगडला. बाहेर जास्तीच्या कागदाचा त्रिकोण आला. "कापताना कोपरा दुमडला व्हता. अशी चुकलेली नोट छंदवाले घेतात. हजार-दीड हजार येतील."

मी कपाळावर हात मारला. जनाताईंचे डोळे लकाकले. "मंग तो तीन लाख देतो त्ये खरं?"

"काका, आता ही बाई पैंजण विकेल!" मी ओरडलेच.

"मंग काय खोटं सांगू? तुज्या पत्रकावानी?" ते जनाताईंकडे वळले. "बये, तू कोंबडी इकतेस तवा गिऱ्हाईक पैसं देतं, का तुज्याकडनंच मागतं?"

"मागंल कसा? मुस्काट फोडीन!"

"मंग ह्यो फोनवाला का मागतो?"

जनाताईंनी पिशवी पुढे ओढली. मग पिशवीतून पैंजण काढून तिथेच, टायरांमध्ये बसून, पायांत चढवले. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला, तोच फीवाला. "तू आधी पैसं घिऊन ये, मंग नोट बघ," असं दरडावून त्यांनी फोन बंद केला.

मला हायसं वाटतंय तोवर काकांनी पेन मागितलं आणि पत्रकावरची माझी ठळक ओळ खोडली. "बाकीची तू खोड." गठ्ठा केवढा होता! संध्याकाळपर्यंत त्या दुकानात बसून, दात-ओठ खात, मी स्वतःचीच ओळ खोडत राहिले.

काका गेल्या वर्षी गेले. खऱ्या-खोट्याचा सगळा खुलासा असलेलं नवं पत्रक दोन पानी झालंय. ते कुणी वाचत नाही. मग वाडीवाडीवर मांडी घालून मलाच ते मोठ्याने वाचावं लागतं, मधे लोक शंका काढतात, आणि एका पत्रकाला अख्खी दुपार जाते. काकांवर मी अजून चिडलेली आहे.