चिमटेमास्तरांचा वाडगा

स्टुडिओत त्यांना सगळे चिमटेमास्तर म्हणत. जाहिरातींच्या फोटोंसाठी जेवण सजवायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. वाडग्याच्या तळाशी स्पंज दडवायचा, वर अर्ध्याकच्च्या भाताची शितं चिमट्याने एकेक करून लावायची, गाजराला ब्रशने तेल फासून चकाकी आणायची. उभ्या हयातीत त्यांनी असे कितीतरी वाडगे भरले, पण त्यातला एक घास कधी तोंडात घातला नाही. घालण्याजोगा नसायचाच. स्वतः ते चहात पाव बुडवून वेळ मारून नेत.

व्हायचं तेच झालं. साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि भिंतीवरच्या वाडग्याच्या फोटोकडे बोट दाखवलं. "रोज असं खात जा. भाज्या भरपूर, भात थोडा."

मास्तरांनी पाहिलं, तर वाडगा त्यांच्याच हातचा. त्यातल्या पालकावर केसांना मारायचा स्प्रे मारलेला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं. पण बाई इतक्या कळकळीने सांगत होत्या की त्यांनी मान डोलावली आणि निमूट बाहेर पडले.

बायको पडदे शिवायच्या दुकानात कामाला. ती येईपर्यंत स्वयंपाक करून ठेवू, असं ठरवून मास्तर ओट्यापाशी उभे राहिले. पण हात सवयीचे गुलाम. गाजराच्या चकत्या एकसारख्या झाल्या, लाल कोबीचा कडेने गोफ वळला गेला, मटार रंग जाऊ नये म्हणून नुसते गरम पाण्यातून काढले. भात शिजला तर शितं मोडतील, या धास्तीने तो आधीच उतरवला. नशीब, स्पंज घरात नव्हता.

बायको आली, हातपाय धुऊन बसली. वाडगा बघून तिने त्यांच्याकडे जरा कौतुकाने पाहिलं आणि घास घेतला. मग ती बराच वेळ चावत राहिली.

"छान दिसतंय," ती म्हणाली.

मास्तरांनीही खाऊन पाहिलं. दाताखाली खडे यावेत तसा भात, आणि मीठ तर कुठेच नव्हतं. फोटोत मीठ दिसत नाही, त्यामुळे ते घालायचं असतं हेच त्यांना सुचलं नव्हतं. मोठ्या जाहिरातींत मिरवलेला माणूस, पण त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोने दोन्ही वाडगे पातेल्यात उपडे केले, पाणी आणि मीठ घालून झाकण ठेवलं, उतरवताना लिंबू पिळलं. कोबीचा रंग सगळीकडे उतरला आणि नुसता जांभळट गोळा झाला. मास्तरांना ते बघवेना, म्हणून त्यांनी मान खाली घालून खायला सुरुवात केली. थोड्या वेळाने त्यांनी वाडगा पुढे केला.

"अजून आहे?"

"भाज्या तेवढ्या वेचून वाढते," बायको म्हणाली. "भात संपला म्हणून समजा."

आता संध्याकाळचा स्वयंपाक मास्तरांकडे असतो. परगावच्या लेकीने कौतुकाने फोटो मागितला, तर त्यांनी चक्क टाळाटाळ केली. म्हणाले, बघण्यासारखं त्यात काही नाही, तू जेवायलाच ये.