घड्याळवाल्या बाई

"हे घे, दाब. चावत नाही ते."

समोर मूल येऊन बसलं की बाई आधी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून त्याच्याच हातात द्यायच्या. मूल बिचकत बटण दाबायचं, आकडे पळायला लागायचे. पुन्हा दाबलं की थांबायचे. मग बाई विचारायच्या, "बघ, कोण कोणाचं ऐकतंय?" पोरगं हसलं की त्यांचं काम सुरू.

तळेगाव ढमढेऱ्याच्या शाळेत मी शिकवायचे, तिथं त्या पुण्याहून एसटीनं यायच्या. आई गरोदर असताना दारू प्यायली असेल, तर पुढं मुलाच्या विचार करण्यावर काय परिणाम होतो, हे मोजायचं त्यांचं काम. आता असलं काम घेऊन कुणी गावात आलं तर काय होईल, तुम्हीच सांगा! पहिल्या दिवशी निम्म्या आया फाटकातूनच परत गेल्या. मी मनात म्हटलं, ह्या काही टिकत नाहीत. कसलं काय! बाई टिकल्या, आणि माझ्या डब्यातली गवारीची भाजी रोज निम्मी खाऊन वर "मीठ कमी पडलं हं" असं मलाच ऐकवायला लागल्या.

ठेंगणी मूर्ती, आवाज मात्र खणखणीत. चष्मा कपाळावर चढवायच्या आणि टेबलाखाली शोधायच्या.

घड्याळ दिसलं की आमच्या गावाला शर्यतच सुचते. बाईंच्या कागदावर रांगेनं बारकी बारकी चित्रं असायची, त्यातल्या फक्त माशावर काट मारायची. पण खिडक्यांशी आया जमल्या आणि गलका सुरू झाला. "हात पळव की! अगं, ती फुडं गेली बघ!" चौथीतल्या वैष्णवीनं सगळ्यांच्या आधी कागद दिला. मासा, आंबा, किटली, छत्री, तिनं सरसकट सगळ्यांवर काट मारली होती. बाहेर तिची आई मंदा आनंदानं बत्तासे वाटत होती. बाईंनी एक बत्तासा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "गोड आहे. पण मंदाताई, ह्यात पहिला नंबर नसतो. उद्या पुन्हा करू, खिडक्या लावून."

दुसऱ्या दिवशी वैष्णवीनं सुरुवातीला एकूण एक मासा बरोबर टिपला, पण सावकाश. निम्म्या कागदावर तिचा हात थांबला, ती डोळे चोळायला लागली. बाईंनी तिला पाणी दिलं, ओसरीत एक चक्कर मारून आणलं आणि उरलेला कागद दोन तुकड्यांत दिला. पोरीनं तो नीट पुरा केला.

"पाहिलंत?" बाई मला म्हणाल्या. "नुसता वेग मोजला तर ही हुशार, नुसत्या चुका मोजल्या तर ही ढ. दोन्ही एकत्र धरून बघायचं. हिला येतं सगळं, पण डोकं लवकर दमतं. थोडं थोडं द्या, थांबा, पुन्हा द्या."

हे कळणं फार गरजेचं होतं. वैष्णवीच्या बापानं ठरवूनच टाकलं होतं, की चौथी झाली की शाळा बंद. "आळशी हाय ती. डोकंच न्हाई. आजीसंगं झेंडू तोडाया जाईल," असं तो माझ्या तोंडावर म्हणून गेला होता. माझं डोकं असं तापलं! पण मी ओरडून उपयोग नव्हता. पोर आळशी नाही, हे बाईंनीच त्याला सांगायला हवं होतं. आणि ठामपणे सांगायचं तर जन्माआधीचं सगळं आईकडून कळायला हवं होतं. मंदा गरोदरपणाचा विषय निघाला की पदर तोंडाला लावून गप्प बसायची. पोरीचा दोष सासू आपल्यावरच ढकलेल आणि घरात राहू देणार नाही, ही तिची धास्ती.

बाई कुणा एकीला बाजूला घेऊन कधीच विचारत नसत. जिथं बायका कामाला बसलेल्या असतील तिथं जाऊन बसायच्या आणि प्रत्येकीला तेच, त्याच सुरात विचारायच्या. त्या दिवशी शबानाभाभींच्या अंगणात मटार सोलणं चाललं होतं. बाईंनी एक सूप पुढ्यात ओढलं. उलट्या व्हायच्या का, गोळ्या कुठल्या घेतल्या, मिश्री लावायचात का, दारू घ्यायचात का, असं सगळं शबानाभाभींना विचारून झालं.

"मला? दारूचं?" भाभींनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! बाई, आमच्या सात पिढ्यांत कुणी वास घेतला न्हाई!"

"म्हणून काय झालं? मी सगळ्यांना विचारते," बाई मटार खात म्हणाल्या. बायका हसून हसून लोटपोट झाल्या. हसू ओसरल्यावर भाभीच मंदाला म्हणाल्या, "मला विचारलं, मी सांगितलं. तू का लाजतीस?"

मंदा शेंगेकडं बघत हळूच म्हणाली, "राहू गावाकडं गुऱ्हाळावर व्हते तवा. उसाच्या मोळ्या उचलून अंग मोडून जायचं. आमचे हे दारू घ्यायचे, मला बी द्यायचे. पार नवव्या म्हैन्यापातूर. मला कुनी सांगितलंच न्हाई वो बाई."

बाईंचे हात थांबले. "त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण असू शकतं. आणि तुला शिव्या घालून पोरीचं काही भलं व्हायचं नाही. सासूबाईंना मी सांगणार नाही. तुला वाटेल तेव्हा तूच सांग."

मग त्या वैष्णवीच्या बापाकडं गेल्या. काय बोलल्या देव जाणे, तो मान खाली घालून बाहेर आला. पोर पाचवीत गेली.

बाईंचं काम संपलं, येणं थांबलं. फोनवर मात्र "वैष्णवीला घाई करत नाही ना कुणी?" हे ठरलेलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. आजार होता, आम्हाला पत्ता लागू दिला नाही. मी दोन दिवस जेवले नाही, खोटं कशाला सांगू?

परवा अंगणवाडीत गरोदर बायकांची बैठक होती. मंदाची जाऊ सहा महिन्यांची पोटुशी. सासू सहज म्हणाली, "पाय लई दुखत्यात हिचं. रातच्याला घोटभर दिली तर काय हुतंय?"

मंदा उठून उभी राहिली. "न्हाई द्यायची. मी वैष्णवीच्या वक्ताला प्याले व्हते, सासूबाई. पोरीनं भोगलं."

दारात आईला न्यायला आलेली वैष्णवी उभी होती. तिला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मंदा तिला बघून रडायलाच लागली. मला तर वाटलं, आत्ता इथं बाई हव्या होत्या.

 

"आता घेतीस का?" वैष्णवीनं दारातूनच आईला विचारलं.

"न्हाई गं. तू झालीस तवापासनं थेंब न्हाई."

वैष्णवी आत आली आणि आईच्या हातातली पिशवी घेतली.

"मग रडू नगं. काकीला घे अन् चल घरी."