लेकीच्या घरचं पाणी

आमच्या अण्णा भाऊजींच्या दारातून कुणी उपाशी गेलं, असं चिखल्याच्या खाण-कॉलनीत कधी झालं नाही. मीटर बघायला आलेल्या माणसालाही ते आधी इडली वाढत, मग मीटर दाखवत. "खाऊन आलो" हे उत्तर त्यांना चालतच नसे. "तर मग परत खा," म्हणत.

गडी तमिळनाडूचा, मॅंगनीजच्या खाणीत फिटर. माझी ताई तिथेच अंगणवाडीत कामाला होती. तिच्या डब्यातली सुक्या झिंग्यांची चटणी त्यांनी एकदा खाल्ली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर. महिन्याभरात लग्नाचंच विचारलं. आमच्या गावात, बपेऱ्यात, कुजबुज झाली, पण बाबा एवढंच म्हणाले, "भात खानारा मानूस हाये. निभते."

तरी त्यांच्या घरी न जेवणारा एकच माणूस होता, आमचे बाबा. धान निघालं की नव्या तांदळाचं पोतं घेऊन ते जात, दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि पाण्यालाही हात लावत नसत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ताईला मूल झालं नाही. त्यामुळे ही रीत नवऱ्याला सांगायची तिची जीभच रेटत नसे. भाऊजींना वाटे, आपल्याच हाताला चव नाही. सांबार झालं, रसम झालं, आमच्या पद्धतीच्या बेसनाच्या पातोड्याही शिकून झाल्या. बाबा नुसता वास घेत आणि आवंढा गिळत. मला हसू यायचं, वाईटही वाटायचं.

एकदा भाऊजींनी मला गाठलं. "मी इतकं खराब बनवून राहिलो का रे?" मी रीत सांगून टाकली. पुढच्या रविवारी भाऊजी मोटारसायकलला डबा अडकवून बपेऱ्यात हजर! "बाबा, हे तर तुमचं घर. इथं चालते ना?" बाबांनी रसमभात ओरपला आणि वर सुनावलं, "आंबट जरा कमी टाकत जा." तेव्हापासून दर रविवारी डबा.

यंदा भाऊजी निवृत्त झाले. दोघं त्यांच्या गावी राहायला निघाली. निरोपाला मी बाबांना घेऊन गेलो. सामान सगळं बांधलेलं, ती खुर्चीसुद्धा. बाबा जमिनीवर टेकले आणि म्हणाले, "पानी आन."

ताई चपापली. "बाबा, लेकीचं घर होय ना हे?"

"कोनाच्या लेकीचं? माह्या पोराचं घर होय."

भांडी खोक्यांत गेलेली. भाऊजींनी रविवारच्या डब्यातच पाणी आणलं. बाबा एका दमात प्याले आणि डबा पुन्हा पुढे केला. "आनखी."