पुस्तिकेखालचं नाव

दत्तोपंत वसमतच्या न्यायालयात एकतीस वर्षं भाषांतरकार होते. निजामाच्या काळातले उर्दू कागद आमच्या भागात अजूनही पेट्यांतून निघतात. बांधावरून भावाभावांत फाटलं की कोणीतरी आजाच्या ट्रंकेतून फसली सनातला, म्हणजे निजामाच्या महसुली वर्षांतला, एक पिवळा कागद काढतो. त्यावर काय लिहिलंय हे वादीला वाचता येत नाही आणि प्रतिवादीलाही येत नाही. तो कागद पंत वाचत आणि मराठीत उतरवून देत. कित्येकांची शेतं त्या उताऱ्यांवर राहिली, कित्येकांची गेली, पण पंतांनी उतरवलेला शब्द चुकीचा निघाला असं कधी ऐकलं नाही.

त्यांचे दोन नियम होते. आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही, हा पहिला. दुसरा खाडाखोडीचा. खोडायचंच झालं तर पट्टी लावून एकच रेघ मारायची, खोडलेला शब्द रेघेखालून वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही व तारीख. एकदा नव्यानं आलेल्या न्यायाधीशांनी सहज विचारलं होतं, "पंत, तुम्हाला काय वाटतं, खरा असेल का हा कागद?" पंत म्हणाले, "साहेब, मला वाचण्याचा पगार मिळतो. वाटण्याचा मिळत नाही."

मी त्यांच्या शेजारी चौदा वर्षं राहतो. रोज संध्याकाळी चहाला त्यांच्याकडे असतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

तीन वर्षांपूर्वी चिन्मय त्यांच्याकडे आला. हा माझाच विद्यार्थी. सातवीत असताना 'पावसाळा' या विषयावर त्यानं दोन पानं भरून निबंध लिहिला होता आणि पाऊस पडला की नाही याचा शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नव्हता. मी दहापैकी चार गुण दिले. पुण्याच्या एका गुंतवणूक कंपनीनं बहुधा त्याच गुणांवर त्याला घेतलं असावं. कंपनी दर डिसेंबरात इंग्रजीत एक पुस्तिका काढते: येणाऱ्या वर्षात जगाचा बाजार कसा राहील, पैसा कुठे घालावा. तिचं मराठी करून हवं होतं, आणि कचेरीत पंतांनी उर्दूबरोबर इंग्रजी कागदही उतरवले होते.

पंतांनी पहिल्या वर्षी ती चोवीस पानं हातात धरली तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आठवतो. शाळेच्या तपासणीला आलेला अधिकारी मुतारीच्या दारात जसा उभा राहतो, तसा.

"गुरुजी, ऐका. 'बाजारात चिंता व्यक्त केली जात आहे.' कोण करतंय? कुठे? कोणासमोर? असा साक्षीदार उभा राहिला असता तर आमच्या साहेबांनी पाण्याचा पेला देऊन घरी पाठवला असता."

"मग नाही म्हणा ना," मी म्हटलं.

"'शक्यता' हा शब्द एकसष्ट वेळा आलाय. मी मोजला. एकसष्ट शक्यता आणि होणार काहीच नाही!"

नाही मात्र ते म्हणाले नाहीत. त्याचं कारण मला ठाऊक आहे, आणि ते लपवून माझ्या मित्राचं चित्र पुरं होणार नाही. कंपनी शेवटच्या पानावर नाव छापणार होती. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो पानं उतरवली, पण ती सगळी दुसऱ्यांच्या खटल्यांत शिवली गेली. छापलेलं स्वतःचं नाव त्यांनी लग्नपत्रिकेखेरीज कुठे पाहिलं नव्हतं. पुस्तिका छापून आली. 'मराठी भाषांतर: दत्तोपंत, निवृत्त न्यायालयीन भाषांतरकार, वसमत.' त्या दिवशी त्यांनी मला शेवटचं पान आधी दाखवलं. ते उघडं ठेवूनच चहा प्यायले.

त्यांच्या पत्नी विजयाबाई आतून म्हणाल्या, "बशी ठेवू नका हो नावावर."

दुसऱ्या वर्षी पुस्तिकेत होतं की सोन्यात मर्यादित चढउतार संभवतात. विजयाबाईंना नातीसाठी, अनुश्रीसाठी, बांगड्या करायच्या होत्या. त्यांनी ते पान वाचलं आणि थांबल्या. सोनं त्यानंतर कुठे गेलं ते सगळ्यांना माहीत आहे. विजयाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात मर्यादित होतं. बांगड्या राहिल्या."

"माझ्या नव्हे, त्यांच्या पुस्तकात."

"नाव तर तुमचं आहे खाली."



यंदाची पुस्तिका आली तेव्हा त्यांनी मागच्या वर्षीची शेजारी ठेवली आणि पट्टी घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली. चौथं पान शब्दशः तेच होतं. सातव्या पानावर दोन देशांची नावं बदलली होती. पंतांनी चौथ्या पानाचं भाषांतर केलंच नाही. कोऱ्या कागदावर कचेरीच्या पद्धतीनं लिहून पाठवलं, 'मागील वर्षीच्या पान चारप्रमाणे. फक्त साल बदलावे.' मला वाटलं पुण्याहून कोणी रागावेल, निदान शरमेल. उत्तर आलं, 'चालेल.'

"चालेल!" पंत म्हणाले. "जग वर्षभर फिरलं, लढाया झाल्या, सोनं हाताबाहेर गेलं, आणि ह्यांना चार नंबरचं पान चालतंय. ह्यांच्यापेक्षा रद्दीवाला बरा. तो निदान कागद वजनावर घेतो."

तरीही पुस्तिका छापून आली आणि पंतांनी एक प्रत कपाटात लावली. तिरस्कार खरा होता आणि प्रतही जपून ठेवली होती. माणसाच्या आत दोन्हीला जागा असते.

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी डोंगरकड्याहून नर्मदाबाई आल्या. साठीच्या पुढच्या, उंच, कोरड्या आवाजाच्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्यामागे भावकीनं जमिनीवर हक्क सांगितला होता. सासऱ्याचं नाव असलेला उर्दू कागद पंतांनी उतरवून दिला आणि जमीन नर्मदाबाईंकडे राहिली. त्यातले तीन एकर आता नव्या रस्त्यात गेले होते, आणि त्याचा मावेजा, अठरा लाख, त्यांच्या खात्यावर आला होता.

"रामराम पंत. वळखलं का?"

"नर्मदाबाई. कागद तेराशे चव्वेचाळीस फसली. बसा."

"माणसाला कागदानं वळखणारे तुमीच." त्या खाली सतरंजीवर बसल्या आणि पिशवीतून पुस्तिका काढली. तीच. "कळमनुरीला कंपनीची बैठक झाली. पुरीभाजी होती. ते चिन्मय साहेब सोमवारी घरी येऊन राहिले, सही घ्यायला. आमचा सोनाजी म्हणतो, समदे अठरा लाख टाकू. म्या म्हणलं, काहून रं एवढी घाई? तर म्हणला, माय, हे पंतांनी लिवलंय. त्यांच्या लिवण्यावर आपली जमीन ऱ्हायली, पैसा न्हाई का ऱ्हायचा?"

पंतांनी पुस्तिका हातात घेतली नाही.

"मला वाचता येत न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "सोनाजीनं वाचून दाखवलं, त्यालाबी समजलं न्हाई. समजलं न्हाई म्हणूनच त्याला लई भारी वाटून राहिलं. म्हणून म्या आले. तुमाला काय वाटतं? टाकू?"

मी पंतांकडे पाहिलं. तोच प्रश्न, आणि उत्तर तयार होतं. ओठापर्यंत आलेलंही दिसलं. पण समोर न्यायाधीश नव्हते.

"बाई, मला वाटणं जमत नाही," ते सावकाश म्हणाले. "मला भाषांतर येतं. ह्याचं अर्धंच झालंय, अर्धं राहिलंय. ते करून देतो."

त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तिका उघडली. पहिलं वाक्य छापल्याप्रमाणे वाचलं, "जागतिक अर्थव्यवस्थेची वाढ येत्या वर्षी मध्यम, परंतु असमान राहण्याची शक्यता आहे." मग थांबून म्हणाले, "म्हंजी, कुठं पिकंल, कुठं न्हाई."

चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ही बोली प्रथमच ऐकली. एकही शब्द अडखळला नाही.

"अमेरिकेतील व्याजदर, कच्च्या तेलाचे भाव आणि देशोदेशींचे तणाव यांवर बरेच काही अवलंबून राहील. म्हंजी, दुसरे काय करतेत ते बघू, मंग सांगू."

"बरं," नर्मदाबाई म्हणाल्या.

"सोन्यात घसरण झाल्यास ती खरेदीची संधी मानावी. म्हंजी, उतरलं तर आमच्याकडून घ्या."

"अन् चढलं तर?"

पंतांनी पान उलटलं. "पान अकरा. तेजीत सहभागी व्हावे. म्हंजी, तवाबी घ्या."

नर्मदाबाईंच्या खांद्यांना हसू फुटलं, आवाज नव्हता. आत विजयाबाईंनी भांडी घासणं थांबवलं होतं.

"दीर्घकालीन गुंतवणूकदारांनी संयम बाळगावा. म्हंजी, पैसे गेले तर बोंबलू नका. आता हे शेवटचं, बारीक अक्षरातलं. वरील मते केवळ माहितीसाठी असून होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. म्हंजी," त्यांनी चष्मा काढला, "हे आमी म्हणलोच न्हाई."

"अगं माय!" नर्मदाबाईंनी कपाळाला हात लावला. "याच्यापरिस आमच्या गावचा भगत बरा. कोंबडं घेतो, पण सरळ सांगतो, औंदा सोयाबीन पेरू नका. अन् चुकला तर गावातच सापडतो. हे पुण्याला कुठं धुंडाळावं?"

मग हसणं संपलं. त्या पुढे सरकून बसल्या.

"समदं कळलं. पर पंत, हे तर पुस्तकाचं झालं. तुमाला काय वाटतं ते तुमी सांगितलंच न्हाई."

पंतांनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली.

"मला वाटतं," ते म्हणाले, आणि हे दोन शब्द त्यांना जड गेले, "हे लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षाचं काही माहीत नाही. ते गुन्हा नाही, कोणालाच नसतं. पण त्याला माहीत नाही हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तरी मी खाली नाव छापू दिलं. मला ते छापलेलं बघायचं होतं."

मी चहाच्या कपात पाहिलं.

नर्मदाबाईंनी मात्र ते मनाला लावून घेतलं नाही. शेतकरी बाईला कबुलीजबाबापेक्षा पुढचं काम दिसतं. "मंग खोडा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाव खोडा तुमचं. म्या घरी जाऊन सांगितलं तर सोनाजी म्हणंल, माय, तुला काय कळतं, पंतांचं नाव हाय ना खाली. त्याला माझं बोलणं न्हाई पटायचं. खोडलेलं नाव पटंल. सोमवारच्या आत पाहिजे."

पंतांनी शेवटचं पान उघडलं. पट्टी लावली, दौतीत टाक बुडवला आणि नावावरून एकच सरळ रेघ ओढली. रेघेखाली 'दत्तोपंत' स्वच्छ वाचता येत होतं. बाजूला सही केली, तारीख घातली, फुंकर मारून वाळवलं आणि प्रत दोन्ही हातांनी नर्मदाबाईंना दिली.

सोमवारी चिन्मय डोंगरकड्याला गेला आणि सही न घेता परतला. संध्याकाळी तो पंतांच्या दारात उभा होता. "काका, तुम्ही माझ्या धंद्यावरच रेघ मारली की!"

"नावावर मारली, बाळा. धंदा तुझा शाबूत आहे. पान चारप्रमाणे."

नर्मदाबाईंनी अठरा लाखांतले दोन लाख शेताच्या पाइपलाइनला दिले आणि बाकीचे पोस्टात ठेवले. तिथं व्याज किती ते आधी सांगतात, एवढंच कारण त्यांनी दिलं.

पुढच्या रविवारी सोनाजी स्वतः आला. चाळिशीचा, भारदस्त, जरा ओशाळलेला. त्याच्या हातातल्या खताच्या रिकाम्या पिशवीत सतरा पुस्तिका होत्या.

"भावकीच्या हायेत," तो म्हणाला. "आमची खोडलेली बघून समदे म्हणले, आमचीबी आण खोडून." मग थोडं थांबून विचारलं, "पंत, नाव खोडलं म्हंजी पुस्तक खोटं झालं का?"

"होतं तसंच आहे," पंत म्हणाले. "फक्त त्याला माझा जामीन राहिला नाही. बस तिथं, वेळ लागेल. प्रत्येकीवर सही आहे."

विजयाबाईंनी कपाटातली अठरावी प्रत आणून त्या सतरांवर ठेवली. पंतांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांत आधी तीच उघडली.