‘शी’ की ‘शे’?

ही केस निघाली की माझी छाती आजही फुगते, आणि मी ती खुशाल फुगू देतो.

नाशिकमध्ये गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते, तेव्हाची गोष्ट. एका शाळेने हौसेने वेबसाइट काढली. ती बनवली होती संगणक शिकवणाऱ्या एका तरुण बाईंनी. त्यात अभिप्रायाचं पान होतं. कोणीही यावं, नाव न सांगता लिहून जावं. पालक कौतुक लिहायचे. मग एक दिवस रोमन अक्षरांत एक ओळ आली: ‘hi bai khoti she’. पाठोपाठ दुसरी: ‘hichi degree khoti she’. बाई पुसायच्या, लिहिणारा पुन्हा लिहायचा. पान बंद करावं, तर पालक म्हणणार, बाई काहीतरी लपवताहेत.

संस्थेने बाईंचे कागद तपासले. ते खरे निघाले, पण कुजबुज थांबेना. शेवटी त्यांना सांगण्यात आलं, प्रकरण मिटेपर्यंत पान बंद करा आणि घरी बसा. वडील घोटीहून आले आणि मुलीला घेऊन थेट आमच्या पोलीस ठाण्यात.

“लय झालं साहेब,” ते म्हणाले. “तक्रार लिहून घ्या. मी पोरीला गावी नेतो. नोकरी नाय करायची आता.”

बाई म्हणाल्या, “मी गेले, तर ते खरं ठरेल.”

मला बाई तिथेच आवडल्या. मी वडिलांना आठ दिवस थांबायला सांगितलं आणि फिर्याद नोंदवली.

आयटी कायदा नवा होता. ठाण्यात संगणक एकच, त्याच्यावरही बहुतेक वेळ टॉवेल झाकलेला. वेबसाइटच्या नोंदीवरून इंटरनेट कंपनीला पत्र दिलं आणि उत्तर आलं की हा मजकूर इंदिरानगरमधल्या एका कॅफेतून टाकला गेलाय.

कॅफेचा मालक नेटचा वेडा होता. मी कशासाठी आलोय हे विचारण्याआधी त्याने मला चॅटरूम दाखवली. “साहेब, समोरचा कोण आहे हे कोणाला कळत नाही, हीच तर नेटची गंमत आहे.”

“ती गंमत तुझ्या अंगाशी येतेय,” मी म्हणालो आणि मजकुराचा कागद त्याच्या हातात दिला. “वाच.”

“हाय, बाई खोटी... शी.” तो हसला. “याला ना धड मराठी येतं, ना इंग्रजी.”

आमचा फौजदार तसंच वाचायचा. मुख्याध्यापकही तसंच वाचत होते. मीही तसंच वाचलं होतं. पण त्या दिवशी कॅफेत चहा पिताना मला मालेगावची नोकरी आठवली. तिथे फिर्यादी सांगायचा, “साहेब, मना भाऊ घर मा शे.” अहिराणीत ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. ओळीत इंग्रजी नव्हतंच. ही बाई खोटी शे. माणूस नाशिकची भाषा लिहू पाहत होता, पण क्रियापद गावाकडचं निसटलं होतं.

बाईंवर खार असलीच तर शाळेतल्याच कोणाची, म्हणून मी शाळेत गेलो आणि अहिराणी कोण बोलतं ते विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, “आमच्याकडे सगळे शुद्ध बोलतात हो.” मी म्हटलं, बोलू द्या, मला फक्त वाचून हवंय. एकेक शिक्षक बोलावला, कागद पुढे केला. शी, शी, शी. मग मराठीचे सर आले. विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्वदीर्घावर डोळ्यांत तेल घालून बसणारे. चष्मा सारखा करून त्यांनी खणखणीत वाचलं, “ही बाई खोटी शे.”

आणि थबकले.

“सर, तुमनं गाव कोणतं शे?” मी माझ्या मोडक्या अहिराणीत विचारलं.

“सटाण्याकडचं,” ते म्हणाले. मग घाईने, “पण म्हणून काय झालं?”

बरोबर होतं. बोलीवरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. उद्या माझ्यावरच केस पडायची. मी कॅफेवाल्याला बोलावलं. सरांना पाहताच तो म्हणाला, “हे रोज कोपऱ्यातलं मशीन मागायचे.” पंचनामा करून त्या मशीनची हार्ड डिस्क जप्त केली. पुसलेल्या ओळीसुद्धा तिच्यात सापडल्या.

सर खाली मान घालून बोलले. “शाळेचं भित्तिपत्रक मी काढायचो. ही वेबसाइट घेऊन आली आणि भिंत रिकामी झाली. कोणी मला विचारलंसुद्धा नाही.” मला वाईट वाटलं. पण आपली भिंत गेली म्हणून दुसऱ्याच्या नावाला काळं फासायचं नसतं, हे मी त्यांना सुनावलं आणि दोषारोपपत्रात काही कमी केलं नाही.

संस्थेने बाईंना सन्मानाने परत बोलावलं. वडीलच सोडायला आले होते. मी मुद्दाम जीप शाळेवरून नेली.

नेटवर माणूस नाव, वय, चेहरा, सगळं लपवतो. आईकडून मिळालेली भाषा मात्र त्याला लपवता येत नाही. गुन्हेगार शोधताना मी त्यानंतर नेहमी आधी त्याचं बोलणं ऐकलं. बाई शाळेत परतल्या त्याच संध्याकाळी त्यांनी वेबसाइटवर अभिप्रायाचं पान पुन्हा उघडलं होतं. पहिला अभिप्राय कॅफेतून त्यांच्या वडिलांनी लिहिला, कॅफेवाल्याला शेजारी बसवून, एकेक अक्षर शोधत: ‘hi bai majhi porgi hay’.