फाउस्तिनोने खुडलेले शेंडे

"मेले गं बाई मेले! कुणा मेल्याने माझ्या रोपांची मुंडकी उडवली!"

एउलालियाबाईची ही हाळी शोचिमिल्कोच्या कालव्यापलीकडेही ऐकू गेली असेल. मी शेजारीण, तशीच धावले. नाताळात विकायच्या नोचेबुएनांच्या, म्हणजे लाल तुऱ्यांच्या रोपांच्या, दोन वाफ्यांतले सगळे शेंडे ऑगस्टातच खुडलेले, त्यातून पांढरा चीक गळत होता. हे काम कुणाचं ते उघड होतं. नावाडी फाउस्तिनो येता-जाता आपल्या उतारूंना "ही बघा आमची मगर" म्हणून एउलालियाला दाखवायचा. शेवटी तिने गाळाची अख्खी बादली त्याच्या नावेत रिकामी केली. नावेत नेमकी नवरी होती.

मी तिला धरून घरात नेलं. दार लागलं आणि बाई पोट धरून हसायला लागली.

"अगं, हे मलाच करायचं होतं! पण गुडघे वाकतात कुठे?"

"मग रडलीस कशाला?"

"कालव्याकडचे वाफे राहिलेत ना अजून!"

माझ्या डोक्यात काही शिरेना. तिने समजावलं, "पानं साखर करतात आणि शेंडा ती एकटाच ओढतो. शिवाय खाली रस सोडून पानांच्या बगलेतल्या कोंबांच्या डोळ्यांना दटावतो, झोपून राहा म्हणून. शेंडा गेला की साखर त्यांच्या वाट्याला येते, दटावणीही थांबते. मग फुटतात सगळे. सासूबाई गेल्यावर आमच्या घरात झालं अगदी तसंच."

फाउस्तिनोची नाव दिसताच ती काठावर गेली. "देवा, कालव्याकडचे वाफे तरी वाचव रे! तेवढ्यावरच माझा नाताळ आहे!"

रविवारी आम्ही दोघी चर्चला निघालो तेव्हा तिने आपला राखणीचा कुत्रा माझ्या घरी बांधून ठेवला. परत आलो तर सगळे वाफे एकसारखे खुडलेले. ती पुन्हा रडली. हसू दाबायला मला शालीचा बोळा तोंडात कोंबावा लागला.

डिसेंबरात फाउस्तिनोने नासाडी बघायला मुद्दाम नाव हळू केली. एकेका रोपावर पाच-सहा लाल तुरे! त्याच्या हातातला बांबू पाण्यातच राहिला.

"अहो बाई, पण मी तर..."

"तुम्ही तर काय? बोला ना!"

उतारू कान टवकारून बसले होते.

"काही नाही. छान फुललीत."

तिने सर्वांत भरगच्च कुंडी त्याच्या नावेत ठेवली. तिचा डाव त्याला कळला. तो आधी चिडला, मग कुंडीकडे बघून खदखदून हसला.

पुढच्या ऑगस्टात तो भरदिवसा, सगळ्यांसमोर खुडायला आला. एउलालिया ओट्यावर बसून "ते डावीकडचं राहिलं!" म्हणून ओरडत होती. मजुरी म्हणून कबूल केलेले मक्याच्या पिठाचे तामालेस मात्र त्याने आधीच खाऊन घेतले. बाईचा काय भरवसा!