पिक्चरमधल्या मयताला रडणारी आक्का

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. तेव्हा शुद्धलेखन चुकलं, अक्षर किडामुंगीसारखं वाटलं तर माफ करा. आक्का आता इंदापूरला लेकीकडं राहायला गेली, म्हणून तिच्याविषयी लिहिते.

बारामतीत आम्ही दोघी एका थेटरात झाडलोट करायचो. कुणी गेल्याचं कानावर आलं, की ओळख असो नसो, आक्का पदर डोळ्याला लावून विचारायची, "घरी कळीवलं का?" असं रडणारं एखादं माणूस तुमच्याही आळीत असेल. ती गळा काढताना मेलेल्याचे गुण एकेक करून सांगायची.

मग तो खूनखराब्याचा पिक्चर लागला. फार देखणा. भर उन्हात सगळ्यांच्या अंगात काळे कोट, गाड्या आरशासारख्या, रक्तसुद्धा शोभेल असं उडायचं. हिरोच्या धाकट्या भावाला गोळी लागली. हिरोनं गॉगल घातला, सिगारेट पेटवली आणि गाणं सुरू झालं.

आक्का दाराशी झाडू घेऊन उभी होती. "आरं, सख्खा भाऊ हाय न्हवं? पाणी तरी पाज की त्याला."

मी तिचा पदर ओढला. "आक्का, खोटं असतंय ते."

"आसंल. पर रडाय कुणीच न्हाय गं त्याला."

आणि तिनं गळा काढला. "लेकरा, कोटाची बटणं बी सोडली न्हाईत रं कुणी..."

थेटर हसून लोळलं. एका मिशीवाल्यानं मात्र तिकिटाचे पैसे परत मागितले. मॅनेजरनं ते दिले आणि आक्काला म्हणाला, "हे तुमच्या पगारातून जाणार. पुन्हा आवाज आला, तर कामावर येऊ नका."

आक्काच्या एकटीच्या पगारावर तिचं घर चालायचं. दुसऱ्या दिवशी तिनं तोंडात पदर कोंबला. पण गोष्ट पार माळेगावपर्यंत गेली होती, थेटर भरलेलं. भावाला गोळी लागली. गाणं लागायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "आक्का, मेला की ओ. रडा की आता."

आक्कानं मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजरनं भरलेल्या खुर्च्यांकडं पाहिलं. "रडा," तो म्हणाला.

आक्का भावाला रडली तेव्हा लोक हसले. पुढं गुंडाचा ड्रायव्हर मेला, तो कुणाच्या लक्षातही आला नव्हता. आक्का हळूच म्हणाली, "बायकूनं ताट झाकून ठिवलं आसंल रं तुझं." तेव्हा कुणी हसलं नाही.

सुटल्यावर मिशीवाला दाराशी थांबला होता. डोळे लाल. "मावशी, काल मी उठून गेलो. ड्रायव्हरचं बघितलंच न्हवतं," म्हणत त्यानं नेलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. सगळे.